सिंदखेडचं वैभव गेलं कुठं?

२०२४ च्या जून महिन्यात सिंदखेड राजात लखुजीराव जाधवांच्या समाधीपाशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं जतनाचं काम चाललं होतं. आवारात काही दगड निराळ्या घडणीचे दिसले, म्हणून तिथं खोदलं. खाली एका शिवमंदिराचं जोतं निघालं. सभामंडपाचा भाग उघडा पडल्यावर आणखी खाली जायचं ठरलं, आणि सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णू सापडला. एक मीटर सत्तर सेंटिमीटर लांब, मीटरभर उंच. शेषाच्या वेटोळ्यावर देव पहुडलेला, पायाशी लक्ष्मी पाय चेपत बसलेली, खालच्या पट्टीत समुद्रमंथनाचा देखावा कोरलेला.

मूर्तीइतकाच तिचा दगडही बोलका आहे. आपल्याकडचा दगड म्हणजे काळा पाषाण, कठीण आणि छिन्नीला दाद न देणारा. ही मूर्ती मात्र क्लोराइट शिस्ट नावाच्या मऊ, गुळगुळीत दगडाची आहे. दक्षिणेत होयसळांच्या शिल्पकारांनी असल्याच दगडातून दागिन्यासारखं नाजूक काम काढलं. तो बुलढाणा जिल्ह्यातल्या बेसाल्टमध्ये मिळत नाही. तेव्हा कुणीतरी तो दगड, किंवा घडवलेली मूर्तीच, शेकडो कोसांवरून इथं आणवली असली पाहिजे. त्यासाठी पैसा हवा, जाणकारी हवी आणि रस्ता चालता हवा. जाधवांचा वाडा उठण्याच्या कितीतरी आधी या गावात हे सगळं होतं.

सिंदखेड राजा म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, आणि ती आठवावी अशीच आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी लखुजीराव आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी जिजाऊंचा जन्म इथं झाला. दर वर्षी त्या दिवशी लाखो माणसं इथं येतात, राजवाड्याच्या महाद्वारातून आत जाऊन माथा टेकवतात. एरवीच्या दिवसांत शाळांच्या सहली येतात, दाराशी फोटो काढतात आणि घाईनं लोणारच्या वाटेला लागतात. गाव मात्र पाहायचं राहून जातं. ज्या घरात ती मुलगी वाढली ते घर कशावर उभं होतं, त्याला पाणी कुठून यायचं, त्याचा पैसा कुठून यायचा आणि एवढं सगळं मोडलं कसं, हे प्रश्न मला त्या जन्माइतकेच मोलाचे वाटतात. जिजाऊ काय पाहत मोठ्या झाल्या, याचं उत्तर त्याच प्रश्नांत आहे.

हा मुलूख सरहद्दीचा. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर उतरून वऱ्हाडचं पयनघाट, जवळच खडकपूर्णेचं खोरं, पश्चिमेला जालना आणि त्याच्याही पलीकडं दौलताबाद. १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीला वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावं लागलं आणि सिंदखेडचा देशमुख दोन राज्यांच्या सांध्यावर आला. जिजाऊंचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला. म्हणजे ज्या वाड्यात त्या रांगल्या, तिथं फौजांच्या हालचालींच्या बातम्या रोजच्या जेवणाइतक्या नेमानं येत असणार.

लखुजींच्या हाती दोन प्रकारची सत्ता होती. त्यांतला फरक कळला की पुढची पडझड समजते. एक होतं देशमुखीचं वतन. परगण्याचा वसूल गोळा करायचा, पाटील-कुलकर्ण्यांवर देखरेख ठेवायची, तंटे मिटवायचे, ओसाड गावं पुन्हा वसवायची आणि त्याबद्दल हक्काचा वाटा घ्यायचा. हे वतन पिढीजात. सुलतान बदलला तरी सहसा देशमुख बदलत नसे. दुसरी होती जहागीर. फौज बाळगायची, दरबार बोलावील तिथं लढायला जायचं आणि त्या फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेल्या मुलखाचा वसूल खायचा. ही मात्र दरबाराच्या मर्जीवर. मर्जी खप्पा झाली की एका फर्मानानं ती जायची. वतनानं घर चालतं, गावकी चालते. पण मोठा राजवाडा, हजारो घोडी, पदरचे कारागीर, गवंडी आणि पाथरवट पोसायला जहागिरीचाच पैसा लागतो. सिंदखेडचं डोळ्यांत भरणारं वैभव या दुसऱ्या पैशावर उभं होतं.

हा पैसा जाधवांनी कशात घातला, ते अजून पाहता येतं. वाड्यात तर घातलाच. काळाकोटाच्या जाड भिंती आहेत, रंगमहाल आहे. होळीच्या रंगात जिजाऊ आणि शहाजीराजे या लहान मुलांची सोयरीक बोलून गेल्याची गोष्ट गावात आजही रंगमहालाकडं बोट दाखवून सांगतात. नीळकंठेश्वराचं जुनं मंदिर दुरुस्त करून घेतलं. पण माझ्या मते या घराण्याचं खरं कर्तृत्व पाण्यात आहे. मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव, सजना बारव ही नावं नुसती ओळीनं वाचली तरी ध्यानात येतं की इथं कुणीतरी पाण्याचा विचार फार बारकाईनं केला होता.

मोती तलावाच्या बांधावर उभं राहून पाहावं. मातीचा भराव टाकून ओढा अडवला, असं हे काम नाही. ही घडीव दगडांची भिंत आहे. तिच्यात कमानी आहेत, खाली उतरायला पायऱ्या आहेत. दुरून पाहणाऱ्याला एखाद्या गढीचा दर्शनी भाग वाटावा इतकी ती नेटकी आहे. पाणी साठवायचं, ते हिशेबानं सोडायचं, आणि त्याच पाण्याकाठी माणसाला बसावंसं वाटेल अशी जागाही करायची, या तिन्ही गोष्टी एकाच बांधकामात साधल्या आहेत. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत आहे. तलाव भरला की ती पाण्यात उभी राहते. पुतळा बारवेला तर तिच्यावर कोरलेल्या पुतळ्यांवरूनच नाव पडलं. पाणी भरायला पायऱ्या उतरणाऱ्या बायकांनी येता-जाता पाहावीत म्हणून दगडात माणसं घडवली. विहिरीवर इतका खर्च करणारा धनी उद्याच्या भरवशावर बांधत असतो. आपली नातवंडं-पतवंडं याच पायऱ्या उतरतील, अशी त्याची खात्री असते.

ती खात्री पुढं टिकली नाही.

१६०५ च्या सुमारास जिजाऊंचं लग्न वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी झालं. निजामशाहीतली दोन मातब्बर मराठा घराणी सोयरी झाली, पण दरबाराच्या राजकारणात ही सोयरीक पुरी पडली नाही. १६२१ च्या सुमारास लखुजी मोगलांना जाऊन मिळाले. जाधव घराण्याला मिळून चोवीस हजारांची जात आणि पंधरा हजार स्वार एवढी मनसब मोगलांनी दिल्याची नोंद आहे. सिंदखेडसारख्या गावातून निघालेल्या घराण्याची ही किंमत पाहिली की त्यांचं लष्करी वजन कळतं. १६२४ मध्ये भातवडीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला, तेव्हा शहाजीराजे अंबरच्या बाजूनं लढत होते आणि लखुजी मोगलांच्या. सासरे एका छावणीत, जावई दुसऱ्या छावणीत. जिजाऊंनी माहेर कुठलं मानावं आणि सासर कुठलं, असे ते दिवस.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. लखुजी पुन्हा निजामशाहीत आले. पण एकदा शत्रूकडं जाऊन आलेल्या सरदारावर दरबाराचा विश्वास बसत नाही. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशहाच्या भर दरबारात दगा झाला. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी आणि रघुजी, नातू यशवंतराव, अशी एकाच घरातली चार माणसं एकाच दिवशी कापली गेली. मुजऱ्याला गेलेली माणसं परत आली नाहीत. म्हाळसाबाई आणि लखुजींचे भाऊ जगदेवराव उरलेलं कुटुंब घेऊन सिंदखेडला आले आणि पुन्हा मोगलांच्या आश्रयाला गेले. त्यानंतर लागलीच, १६३० ते १६३२ या काळात, गुजरातेपासून दख्खनपर्यंत महाभयंकर दुष्काळ पडला. घराची सावली आणि आभाळाची सावली अशी एकाच वेळी गेली.

ज्या समाधीच्या आवारात विष्णू सापडला, ती या मृत्यूंनंतर उभी राहिली. भव्य, घुमटाची, चारही बाजूंनी कमानी असलेली. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या समाध्यांत तिची गणना होते. आत लखुजींसह घरातल्या मारल्या गेलेल्या माणसांच्या समाध्या आहेत. मला ती वाड्याहून जास्त बोलकी वाटते. घर मोडलेलं असतानाही, कर्ता पुरुष आणि पुढच्या दोन पिढ्या गेल्या असतानाही, उरलेल्यांनी आपल्या माणसांसाठी एवढं मोठं बांधकाम पुरं केलं. ते करताना ज्या भूमीवर पाया घातला, तिच्या पोटात काही शतकांपूर्वीचं एक देऊळ गाडलेलं होतं, हे बांधणाऱ्यांना ठाऊक असो वा नसो.

इथं मला जगाच्या दुसऱ्या टोकाचं एक गाव आठवतं. इसवी सन ९८५ च्या सुमारास एरिक नावाचा एक नॉर्स दर्यावर्दी आइसलँडहून लोकांना घेऊन ग्रीनलँडला गेला आणि त्या बर्फाळ बेटाच्या किनाऱ्यावर वस्ती केली. पुढं तिथं दोन वसाहती झाल्या. भरभराटीच्या काळात तिथली वस्ती दोन-तीन हजारांच्या घरात असावी. त्यांनी गाई-मेंढ्या पाळल्या, दगडी चर्च बांधलं, आपला बिशप आणवला. वॉलरस नावाच्या समुद्री प्राण्याचे सुळे युरोपला विकून ते लोखंड आणि लाकूड विकत घेत. १२६१ मध्ये त्यांनी नॉर्वेच्या राजाची सत्ता मान्य केली. मग युरोपात हस्तिदंत सहज मिळू लागला, तेव्हा सुळ्यांची मागणी घटली. १३४९ मध्ये नॉर्वेत प्लेग आला आणि जहाजं येईनाशी झाली. हवाही थंडावत गेली. चौदाव्या शतकाच्या मध्यावर पश्चिमेकडची वसाहत ओस पडली होती. पूर्वेकडच्या वसाहतीतून आलेली शेवटची लेखी बातमी एका लग्नाची आहे. सप्टेंबर १४०८ मध्ये ह्वाल्सीच्या चर्चमध्ये थोरस्टेन आणि सिग्रिड यांचं लग्न लागलं. त्यानंतर तिथून काहीच कळलं नाही. १७२१ मध्ये हान्स एगेडे नावाचा धर्मोपदेशक त्या लोकांचा शोध घेत गेला, तेव्हा त्याला त्यांच्यापैकी एकही माणूस भेटला नाही. ह्वाल्सीच्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत.

ते लग्न लागलं त्याच सुमाराला आपल्याकडं दुर्गादेवीचा म्हणून सांगितला जाणारा बारा वर्षांचा दुष्काळ नुकताच सरला होता. परंपरा त्याची सालं १३९६ ते १४०७ अशी देते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण तुलनेनं एक गोष्ट उलगडते. ग्रीनलँडच्या वस्तीचा जीव दूरच्या बाजारात आणि दूरच्या राजाच्या जहाजात होता, तसाच सिंदखेडच्या वैभवाचा जीव दौलताबाद, बुऱ्हाणपूर आणि पुढं हैदराबादच्या दरबारांत होता. नुसत्या थंडीनं ती वस्ती गेली नाही. सिंदखेडही नुसत्या दुष्काळानं खचलं नाही. ज्या धाग्यावर लटकून उभं राहायचं तो धागा दुसऱ्याच्या हाती असला, की तो कधी तुटेल हे आपण ठरवत नाही. एक फरक मात्र मोठा आहे. ग्रीनलँडचे नॉर्स लोक नाहीसे झाले. सिंदखेड कधीच ओस पडलं नाही. दरबारी फौज गेली, कारागीर गेले, आणि शेतकरी, बलुतेदार, अठरापगड माणसं तिथंच राहिली. पडझडीचा सगळा भार त्यांनी सोसला.

पुढची गोष्ट वाटण्यांची आहे. या पट्ट्यात हिंडताना गावांच्या नावांमागं ‘राजा’ हा शब्द सारखा कानावर येतो: देऊळगाव राजा, आडगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा. जाधवांच्या शाखा जिथं जिथं गेल्या, तिथं हा मान गावाच्या नावाला चिकटला. मान वाटता आला, पण उत्पन्न वाटल्यावर लहान होत गेलं. प्रत्येक शाखेला आपली गढी, आपले शिलेदार, आपलं देवस्थान हवं होतं. देऊळगाव राजाचं बालाजी संस्थान आजही गजबजलेलं आहे, तिथला उत्सव दूरवर प्रसिद्ध आहे. त्या मानानं मूळचं सिंदखेड मागं पडत गेलं. एका वतनाच्या उत्पन्नावर मोती तलावासारखं दुसरं काम पुन्हा उभं राहणं शक्य नव्हतं.

घराण्यातली काही माणसं स्वराज्यात गेली आणि तिथं त्यांनी नाव काढलं. मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवणारे सेनापती धनाजी जाधव याच घराण्याचे. पण सिंदखेडची मूळ शाखा मोगलांकडं आणि मग हैदराबादच्या निजामाकडंच राहिली. जिजाऊंनी ज्या राज्याचं स्वप्न पाहिलं, त्याच्या सीमेबाहेर त्यांचं माहेर कायम राहिलं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली, तेव्हा जिजाऊंना जाऊन पाच वर्षं झाली होती. जालन्यापासून सिंदखेड तीसेक किलोमीटर. आपल्या आजोळाच्या इतक्या जवळ महाराज आले ते शत्रूचा मुलूख लुटायला.

अठराव्या शतकात हा सगळा भाग रणांगण झाला. आज सिंदखेड राजा तालुक्यातच असलेल्या साखरखेर्डा इथं ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्कानं मोगल सुभेदार मुबारिझखानाला ठार करून आपली स्वतंत्र सत्ता पक्की केली. हैदराबादच्या आसफजाही राज्याची सुरुवात इतिहासकार इथूनच धरतात. या विजयावरून निजामानं गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं, पण लोकांनी आपलं साखरखेर्डाच चालू ठेवलं. डिसेंबर १७५७ मध्ये पेशव्यांचे पुत्र विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे यांनी निजामाचे सरदार रामचंद्र जाधव यांना खुद्द सिंदखेडात कोंडलं. त्यांच्या सुटकेसाठी निजामअली फौज घेऊन आला, गावाच्या आसपास लढाई झाली आणि तह पुन्हा साखरखेर्ड्यालाच झाला. मोठमोठ्या राज्यांचे निकाल या शेतांत लागले. उभं पीक तुडवलं गेल्याची दाद मात्र कुणाकडं मागायची? वऱ्हाडात त्या काळी दुहेरी अंमल होता. निजामाचा अंमलदार यायचा आणि मराठ्यांचाही यायचा. रयत दोघांनाही देणं लागत होती.

त्याचा शेवट १८०३-०४ च्या दुष्काळात दिसला. असई आणि अडगावच्या लढाया जिंकून परतणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली १८०४ च्या जानेवारीत या भागात होता. सिंदखेडबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे. हे गाव चोरांचा अड्डा झालं आहे, माणसं शेकड्यांनी उपाशी मरत आहेत आणि त्यांना तसूभर मदत करील असं सरकारच इथं नाही, असा त्या मजकुराचा आशय. लिहिणारा परका आणि जेता होता, त्याची फौजही याच मुलखातून गेली होती, हे विसरून ते वाचू नये. पण जिजाऊंच्या जन्मानंतर दोनशे सहा वर्षांनी त्यांचं गाव कुठल्या थराला गेलं होतं, याचा तो पुरावा आहे. चोर म्हणून ज्यांचा उल्लेख झाला त्यांतले किती जण आदल्या साली शेतकरी किंवा बिनपगारी शिपाई असतील, याचा विचार वाचणाऱ्यानं करावा.

सत्तेचं उरलंसुरलं कवच १८५१ मध्ये गेलं. बाजीराव जाधवांच्या पदरी असलेल्या अरब शिपायांची हैदराबादच्या फौजेशी लढाई झाली आणि त्यापायी घराण्याची मिळकत जप्त झाली. बाजीराव १८५६ मध्ये कैदेतच वारले. दरम्यान १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं होतं. नव्या राजवटीत पैसा कापसामागं धावला आणि कापूस रेल्वेमागं. भुसावळ-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मलकापूर, नांदुरा, शेगाव असा गेला आणि खामगावची बाजारपेठ फुगली. दक्षिणेकडचा हा डोंगराळ पट्टा त्या लोहमार्गापासून दूर राहिला. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि या भागातली माणसं ती अजून करत आहेत.

आता समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला आहे आणि सिंदखेड राजासाठी त्याला उतरायची वाट आहे. मुंबई-नागपूर प्रवास करणारी माणसं गावाजवळून भरधाव जातात. रस्ता आला याचा आनंद आहे. पण नुसता रस्ता आल्यानं गाव उठत नाही, हे सिंदखेडचाच इतिहास सांगतो. फौजा इथून सतत जातच होत्या.

माझं म्हणणं सरळ आहे. सिंदखेड राजाचं महत्त्व एका वाड्यापुरतं आणि एका तारखेपुरतं धरणं हा त्या गावावर अन्याय आहे, आणि जिजाऊंवरही. स्वराज्याची निकड त्यांना कुठून उमगली, हे या गावाची पडझड पाहिल्यावर जितकं कळतं तितकं भाषणांतून कळत नाही. चाकरीत पराक्रम करूनही वडील, दोन भाऊ आणि भाचा दरबारात मारले गेले. मोठी मनसब आली तशी गेली. दुसऱ्याच्या मर्जीवर उभं केलेलं वैभव कसं कोसळतं, हे त्यांनी माहेरीच पाहिलं होतं. त्यांच्या मुलानं जहागिरीवर समाधान मानलं नाही, याचं मूळ मला सिंदखेडच्या या अनुभवात दिसतं.

म्हणून शासनाकडं आणि गावाकडं दोन मागण्या. पहिली, जतनाचा पैसा महाद्वाराच्या रंगरंगोटीपाशी थांबू नये. मोती तलाव, चांदणी तलाव आणि बारवा यांचा गाळ काढून, पडलेले दगड जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली बसवून ते सगळं पाण्यानं पुन्हा भरावं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वीची ही कामं नुसती पाहायची वस्तू म्हणून राहू नयेत. दुसरी, शेषशायी विष्णूसह इथं सापडलेलं आणि पुढं सापडेल ते सगळं पाहायला मिळेल असं एक चांगलं संग्रहालय सिंदखेडातच व्हावं.

आणि वाचकहो, १२ जानेवारीला जरूर जा. पण एकदा एरवीही जा, पावसाळा संपता संपता, तलावांत पाणी असताना. वाडा पाहून झाल्यावर गाडीत बसू नका. समाधी, नीळकंठेश्वर, पुतळा बारव, काळाकोट आणि मोती तलावाचा बांध, एवढं पायी फिरून पाहा. त्याला अर्धा दिवस पुरतो.